नियमात बसत नाही

डॉक्टर लिहून देतात : पालेभाज्या, फळं,
आठवड्याला वीस डॉलरची,
सहा महिने.
खाली सही. सहीखाली माझा शिक्का.
शिक्का नीट उमटला नाही
तर बाजारातला पोरगा चिठ्ठी परत पाठवतो,
म्हणून मी शाई जरा जास्तच लावते.

गाव नदीकाठचं, आर्कान्साच्या पार टोकाला.
वाणसामानाचं शेवटचं दुकान बंद पडलं
त्याला नऊ वर्षं झाली.
आता केळी मिळतात पेट्रोल पंपावर,
एकेक, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली,
सिगारेटच्या पाकिटांशेजारी.

व्हर्लीन टब्सनं पहिल्या दिवशी
चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली.
"हे घ्यायचं कधी? जेवणाआधी की नंतर?"
आणि स्वतःच हसली, इतकी
की मागे उभे असलेले मिस्टर प्यू पण हसले,
ज्यांच्या पायाची दोन बोटं गेलीत
आणि जे या खिडकीपाशी कधी हसत नाहीत.

वय बासष्ट. नर्सिंग होमच्या धुलाईखान्यात
दुसऱ्यांच्या चादरी.
तीन महिन्यांची साखर दहा पॉइंट चार.

पहिल्या शनिवारी तिला मिळाल्या
कोलार्डच्या दोन जुड्या
(कोबीची चुलत बहीण, गड्डा न धरणारी),
थोडी रताळी,
आणि एक हिरवट गोळा, अंगावर अँटेना फुटलेला.
"काय ते ठाऊक नाही," ती सांगत होती,
"पण औषध टाकवेना.
सोललं. मीठ लावून चावलं.
मुळ्यासारखंच, पण मुळ्यापेक्षा सभ्य."
नवलकोल. मी घरी जाऊन शोधलं.

जुलैत विजेचं बिल राहिलं.
अकरा दिवस फ्रिज म्हणजे नुसतं कपाट.
तिनं भाजी ओल्या टॉवेलखाली ठेवली,
उरली ती शेजारच्या पोरांना उकडून घातली.
फॉर्मवर रकाना असतो :
कुटुंबातील इतर कोणी खाल्ले का?
"शेजारी धरायचे का कुटुंबात?"
रकाना एवढासा.
मी "हो" लिहिलं.

आता माझं.
माझी साखर आठ पॉइंट नऊ.
माझा पगार मर्यादेपेक्षा
महिन्याला चौदा डॉलर जास्त.
चौदा डॉलरचे टोमॅटो किती होतात
याचा मी एकदा हिशेब मांडला,
कुणी यायच्या आत कागद फाडला.
दिवसाला तीस-चाळीस चिठ्ठ्या जातात हाताखालून.
घरी जाताना मी पंपावर थांबते.
केळं घेते कधी. कधी नाही घेत.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी
खिडकीच्या फटीतून वर्तमानपत्राची गुंडाळी आत आली.
आत कोलार्ड, देठांना अजून माती.
मी इकडेतिकडे बघितलं.
"व्हर्लीन, हे नियमात बसत नाही."
"मग उभी राहून खा,"
ती म्हणाली, आणि वजनकाट्याकडे वळली.

खाल्लं. ओट्यापाशी, उभ्यानंच,
वरून व्हिनेगर घालून.
कडवट होतं. दुसऱ्यांदा घेतलं.

ऑक्टोबरात तिची साखर आठ पॉइंट एक.
नोव्हेंबरात पत्र आलं, निधी संपल्याचं,
सहभागाबद्दल आभार मानणारं.
गोळ्या मिळत राहतील.
मिस्टर प्यूंनी पत्र दोनदा वाचलं,
मग घडी घालून टोपीत ठेवलं.
खोक्यात कोऱ्या चिठ्ठ्या उरल्या.
त्यांचं काय करायचं हे कुणी कळवलेलं नाही.

काल व्हर्लीन आली, अपॉइंटमेंट नसताना.
धुलाईखान्यामागे, साबणाच्या रिकाम्या बादलीत
तिनं कोलार्डचा बुडखा खोचलाय.
फुटेल की कुजेल, तिलाही माहीत नाही.
हातात चिकटपट्टीचा तुकडा होता.
"यावर तारीख मार. बादलीला लावते.
कधी लावलं ते मी विसरून जाते."

मी शिक्क्याचं चाक फिरवलं.
रांगेत कुणीतरी खाकरलं.